‘मोचनगडा’बाहेरचा इतिहास : मराठी ख्रिस्ती लेखक आणि ऐतिहासिक कथनाचा प्रश्न

मराठी कादंबरीच्या आरंभकाळाचा विचार करताना भालचंद्र नेमाडे यांनी तीन कादंबऱ्यांच्या आधारे तीन प्रवृत्ती कल्पिल्या आहेत. बाबा पदमनजी यांची ‘यमुनापर्यटन’ (१८५७), लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांची ‘मोचनगड’ (१८७१) या त्या तीन कादंबऱ्या होत. समकालीन सामाजिक वास्तवाला भिडणारी, अद्भुतात रमणारी आणि इतिहासाकडे वळणारी अशी ही विभागणी पुढे इतकी रूढ झाली, की तिच्यात दडलेला एक प्रश्न सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. पहिल्या प्रवृत्तीचा प्रवर्तक धर्मांतरित ख्रिस्ती लेखक आहे. तिसऱ्या प्रवृत्तीत मात्र गुंजीकरांपासून हरिभाऊ आपट्यांपर्यंत आणि पुढे रणजित देसाई, ना. सं. इनामदार, विश्वास पाटील यांच्यापर्यंत येऊनही महत्त्वाचा म्हणून नोंदला गेलेला ख्रिस्ती लेखक आढळत नाही. ज्या समाजाने मराठीला आरंभीची कादंबरी दिली, त्या समाजाच्या लेखकाने ऐतिहासिक कादंबरीच्या दालनात पाऊल का टाकले नसावे?

हा प्रश्न केवळ वाङ्मयेतिहासातील एका रिकाम्या जागेचा नाही. ऐतिहासिक कादंबरी हा वाङ्मयप्रकार लेखक आणि वाचक यांच्यामध्ये कोणता करार गृहीत धरतो, इतिहास ‘आपला’ म्हणण्याचा अधिकार कोणाला मिळतो आणि श्रद्धा व भूतकाळ यांचे नाते कथनात कसे मांडले जाते, हे सारे प्रश्न त्याच्याशी निगडित आहेत.

१

या अभावाचे एक सोपे उत्तर नेहमी दिले जाते. धर्मांतराने लेखकाचा परंपरेशी असलेला सांधा निखळतो, मिशनच्या आश्रयाने लिहिणाऱ्याला मराठ्यांच्या इतिहासाविषयी आस्था उरत नाही आणि म्हणून तो इतिहासाकडे पाठ फिरवतो, असे ते उत्तर आहे. त्यात तथ्याचा काही अंश असला तरी ते पुरेसे नाही. ऐतिहासिक कल्पनाशक्तीला रक्ताचा किंवा धर्माचा वारसा लागतोच, असे साहित्याचा अनुभव सांगत नाही.

याचे एक उदाहरण विदर्भातच आहे. आजचे वाशीम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. १९३९ मध्ये उजेडात आलेल्या दुसऱ्या विंध्यशक्तीच्या वाशीम ताम्रपटामुळे या शाखेच्या इतिहासाला भक्कम आधार मिळाला. हरिषेणानंतर मात्र कोरीव लेख जवळजवळ मूक होतात. दंडीच्या ‘दशकुमारचरिता’तील विश्रुताच्या कथेत विदर्भाच्या एका राज्याचा ऱ्हास वर्णिलेला आहे. तो वाकाटकांच्या अखेरच्या काळाचेच प्रतिबिंब असावा, असे वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादन केले आणि अजिंठ्याच्या कालनिर्णयात वॉल्टर स्पिंक यांनी त्याचा आधार घेतला. हे मत सर्वांना मान्य आहे असे नाही. परंतु ते ग्राह्य धरले तर दक्षिणेतील, बऱ्याच नंतरच्या काळातील, वाकाटकांशी कोणतेही नाते नसलेल्या लेखकाने विदर्भाचा इतिहास कथेत जतन केला, असे म्हणावे लागते. लेखकाला भूतकाळ जन्माने मिळतोच असे नाही. तो कल्पनेने कमावता येतो. तेव्हा मराठी ख्रिस्ती लेखकाच्या बाबतीत अडसर वारशाचा नसून दुसऱ्याच कशाचा तरी असला पाहिजे.

२

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा आरंभच मुळी इतिहासकथनाने झाला, ही गोष्ट येथे विसरता येत नाही. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली राचोल येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाच्या पहिल्या भागात जुन्या करारातील कथा आहे आणि दुसऱ्या भागात येशूचे चरित्र आहे. ग्रंथाच्या चौकटीत नवख्रिस्ती श्रोता एक मागणी करतो. जुनी पुराणे सुटली; त्यांच्या जागी वाचायला-ऐकायला काही हवे, असे तो सांगतो. वाङ्मयीन दृष्ट्या ही मागणी फार महत्त्वाची आहे. धर्म बदलला तरी कथा ऐकण्याची सवय बदललेली नाही आणि श्रोत्याची रिकामी झालेली जागा भरून काढण्याची जबाबदारी लेखकावर आली आहे, हे तीतून स्पष्ट होते.

स्टीफन्सने जे केले त्यात एक ताण आहे. पुराणाचा काळ युगांच्या आवर्तनाचा असतो. बायबलचा काळ एकदिश असतो. उत्पत्ती, पतन, अवतार आणि अंत अशा न परतणाऱ्या टप्प्यांनी तो पुढे सरकतो आणि त्याच्या मध्यभागी एका रोमन सुभेदाराच्या कारकिर्दीत घडलेली, म्हणजे कालनिश्चिती करता येणारी घटना असते. हा ऐतिहासिक काळ स्टीफन्सने ओवीच्या आणि पुराणाच्या साच्यात बसवला. त्यामुळे पॅलेस्टाइनमधला दूरचा भूतकाळ साष्टीच्या श्रोत्याला स्वतःचा वाटू शकला. परंतु त्याच वेळी त्या श्रोत्याचा जवळचा भूतकाळ ग्रंथाबाहेर राहिला. १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे पाच जेझुइट मारले गेले. मंदिरांचा विध्वंस आणि त्याला झालेला गावकऱ्यांचा प्रतिकार ही त्या घटनेची पार्श्वभूमी होती. स्टीफन्स त्या वेळी त्याच भागात होता. पण ज्या भूमीवर ‘क्रिस्तपुराण’ वाचले जात होते, त्या भूमीवरील तो संघर्ष ओवीचा विषय होऊ शकला नाही. पवित्र इतिहास जवळ आला आणि स्थानिक इतिहास दूर गेला. मराठी ख्रिस्ती कथनाचा हा आद्य पेच पुढील तीन शतके वेगवेगळ्या रूपांनी दिसत राहतो.

३

एकोणिसाव्या शतकातील बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांच्याबाबत हा पेच वाचनाच्या मार्गाने उभा राहतो. बेळगावच्या कासार कुटुंबात जन्मलेल्या, मिशनशाळेत शिकलेल्या, मुंबईत परमहंस सभेच्या वर्तुळात वावरलेल्या या तरुणाने १८५४ मध्ये बाप्तिस्मा घेतला. ‘अरुणोदय’ हे त्यांचे आत्मचरित्र मराठीतील आरंभीच्या आत्मचरित्रांपैकी एक आहे. धर्मांतराची हकिकत म्हणून त्याचा उल्लेख होतो, पण बारकाईने पाहता ती एका वाचकाची हकिकत आहे. घरातील भाविक वातावरणात कानावर पडलेल्या पोथ्या, शाळेत हाती आलेली पुस्तके, वादविवादाच्या निमित्ताने चाळलेले ग्रंथ आणि अखेरीस बायबल असा तो प्रवास आहे. येथे श्रद्धा साक्षात्काराच्या क्षणी एकाएकी अवतरत नाही. ती पानापानाने, शंकेशंकेने घडत जाते. ग्रंथाचे नावच सांगते, की सूर्य उगवण्यापूर्वीचा संधिप्रकाश हा लेखकाच्या आस्थेचा विषय आहे.

आपल्या आयुष्याला ‘पूर्वी’ आणि ‘नंतर’ अशी विभागणी देणे ही इतिहासकाराची कृती आहे. पदमनजींनी ती व्यक्तीच्या पातळीवर केली. ‘यमुनापर्यटना’त हीच कृती समाजाच्या पातळीवर दिसते. मिशनशाळेत शिकलेली यमुना पती विनायकरावाबरोबर प्रवास करते. वाटेत भेटणाऱ्या विधवांच्या कहाण्या एकामागून एक येतात. पुढे विनायकरावाचा मृत्यू होतो आणि इतरांच्या दुःखाची साक्षी असलेली यमुना स्वतःच विधवा होते. अखेरीस ती उघडपणे ख्रिस्ती होते व पुनर्विवाह करते. विधवाविवाहाचा कायदा १८५६ चा, कादंबरी १८५७ ची. हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण असे तिचे उपशीर्षकच आहे आणि ‘निरूपण’ हा शब्द कीर्तन-पुराणाच्या परंपरेतून आलेला आहे.

या कादंबरीवर प्रचारकीपणाचा आक्षेप घेतला जातो आणि तो निराधार नाही. पात्रे अनेकदा मतांचे वाहक होतात, संवादांची जागा वाद घेतो आणि शेवट आधीच ठरल्यासारखा वाटतो. तरीही एक गोष्ट नोंदवायला हवी. आपण ज्या काळात जगतो तो काळ बदलतो आहे, आजची स्थिती ही उद्या ‘होऊन गेलेली’ स्थिती ठरणार आहे, ही जाणीव या कादंबरीच्या मुळाशी आहे. रूढी शाश्वत नसून तिला आरंभ आहे आणि म्हणून अंतही असू शकतो, असे मानल्याशिवाय ‘यमुनापर्यटन’ लिहिलीच गेली नसती. ही ऐतिहासिक दृष्टीच आहे. फक्त तिचा रोख मागे नसून वर्तमानावर आहे.

‘मोचनगड’ याच्या नेमके उलट करते. शिवकाल आणि एक कल्पित किल्ला यांच्या साहाय्याने गुंजीकर वाचकाला एक सामायिक भूतकाळ देतात. १८५७ नंतरच्या पराभूत मनःस्थितीत या भूतकाळाचे मोल मोठे होते. पण तो सामायिक करताना ‘आपण’ म्हणजे कोण, हे कादंबरी न सांगता ठरवते. हरिभाऊंच्या ‘उषःकाला’त हा ‘आपण’ अधिक समृद्ध होतो, पण त्याची सीमा तीच राहते. मराठी ऐतिहासिक कादंबरीचा करार येथे सिद्ध झाला. वाचक आणि नायक एकाच वंशपरंपरेत उभे आहेत, अशी या करारातील अट होती. पदमनजींच्या वाचकाची व्याख्या याच्या विरुद्ध होती. ज्याने परंपरेला प्रश्न विचारावा, तो त्यांचा वाचक होता. तेव्हा ख्रिस्ती लेखकाला इतिहासाची आस्था नव्हती, हे म्हणणे टिकत नाही. त्याला ज्या करारावर सही करावी लागली असती, त्यात त्याच्या नावाला जागा नव्हती.

४

पुढच्या पिढीत हा पेच सोडवण्याचा वेगळा प्रयत्न नारायण वामन टिळकांनी केला. राजनांदगावच्या रेल्वेप्रवासात एका अपरिचित युरोपीय सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला, ही हकिकत प्रसिद्ध आहे. येथेही आरंभ वाचनातूनच होतो. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी पदमनजींसारखी ‘पूर्वी’ आणि ‘नंतर’ अशी स्वच्छ रेघ ओढण्याचे मात्र नाकारले. तुकारामाच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, ही त्यांची भूमिका म्हणजे भूतकाळाशी केलेला नवा करारच होता. मराठी संतपरंपरा हा त्यांनी सोडून दिलेला वारसा नव्हता. तिच्या वाटेनेच ते ख्रिस्तापर्यंत पोहोचले होते. त्यांनी आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ ओवीबद्ध आहे. त्याचे नाव रामायणाची आठवण करून देते आणि त्याची प्रतिज्ञा स्टीफन्सच्या प्रतिज्ञेशी नाते सांगते. १९१९ मध्ये टिळकांचे निधन झाले तेव्हा ते अपुरे होते. उरलेला फार मोठा भाग लक्ष्मीबाईंनी रचला.

परंतु ऐतिहासिक कथनाच्या दृष्टीने अधिक मोलाची गोष्ट लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त केली. १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथात कोणताही सिद्धान्त मांडण्याचा हेतू नाही. शाळेचे रीतसर शिक्षण नसलेली ही बाई आपल्या संसाराची गोष्ट सांगते. नवऱ्याने धर्म बदलला तेव्हा ती त्याच्याबरोबर गेली नाही. पंढरपुरासारख्या ठिकाणी आप्तांच्या आश्रयाने तिने विरहाची वर्षे काढली. नंतर एकत्र राहू लागल्यावरही सोवळ्याओवळ्याच्या कल्पना तिच्या मनातून हळूहळू, स्वयंपाकघरातल्या पाण्याच्या निमित्ताने गळत गेल्या. १९०० मध्ये बाप्तिस्मा झाला तेव्हा तो निर्णय तिचा स्वतःचा होता.

येथे श्रद्धेचे परिवर्तन कालरेषेवरील एका बिंदूवर घडत नाही. ते वर्षानुवर्षे जगण्यात मुरत जाते. प्लेग आणि दुष्काळ यांसारख्या त्या काळातील मोठ्या घटना ‘स्मृतिचित्रे’त येतात, पण त्या घराच्या उंबरठ्यावर येतात. पोरक्या मुलांच्या पंगतीतून, आजाऱ्यांच्या शुश्रूषेतून त्यांचे दर्शन घडते. इतिहास म्हणजे स्वाऱ्या आणि तह, ही मराठी ऐतिहासिक कादंबरीने रूढ केलेली कल्पना येथे न बोलता बाजूला पडते. विनोदाचा स्वरही याच संदर्भात पाहायला हवा. स्वतःला व आपल्या पतीला हसू शकणारी निवेदिका कोणत्याही पंथाची कैवारी होऊ शकत नाही. पदमनजींच्या कथनात जो निकाल आधी लागलेला असतो, तो लक्ष्मीबाईंच्या कथनात शेवटपर्यंत मोकळा राहतो. म्हणूनच ‘स्मृतिचित्रे’ ख्रिस्ती वाङ्मयाच्या कप्प्यात बसत नाही. तिला सर्व मराठी वाचकांनी आपली मानले.

हे यश मान्य करतानाच त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. आत्मचरित्राला स्मृतीच्या पलीकडे जाता येत नाही. लेखकाने स्वतः न पाहिलेला, आजोबा-पणजोबांच्याही आधीचा काळ उभा करण्यासाठी कादंबरीच लागते. तेथे मराठी ख्रिस्ती परंपरा थबकली.

५

मराठीच्या सीमेवर, गोव्यात, एक अपवाद आहे आणि तो उद्बोधक आहे. नावेली येथे जन्मलेले वैद्य, अर्थशास्त्रज्ञ आणि पोर्तुगीज संसदेतील गोव्याचे प्रतिनिधी फ्रान्सिस्कु लुईश गोमीश (१८२९–१८६९) यांनी ‘उश ब्राम्हनिश’ ही कादंबरी पोर्तुगीजमध्ये लिहून १८६६ मध्ये प्रसिद्ध केली. तिची पार्श्वभूमी १८५७ च्या उठावाची, स्थळ फैजाबाद, आणि संघर्ष मॅग्नोड हा ब्राह्मण व रॉबर्ट डेव्हिस हा आयरिश जमीनदार यांच्यातील. जातीचा अभिमान बाळगणारा ब्राह्मण आणि वर्णाचा अभिमान बाळगणारा युरोपीय हे दोघेही एकाच रोगाचे रोगी आहेत, दोघेही ‘ब्राह्मण’च आहेत, हे तिचे आशयसूत्र आहे. ख्रिस्ती समतेच्या कसोटीवर गोमीश दोघांनाही तपासतात आणि युरोपला त्याच्याच धर्माचा दाखला देऊन आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करतात.

श्रद्धावान ख्रिस्ती लेखक इतिहासाला भिडू शकतो, याचा हा पुरावा आहे. पण त्यासाठी गोमीश यांना काय करावे लागले? त्यांनी युरोपीय भाषा निवडली, युरोपीय वाचक निवडला आणि कथा गोव्यात न ठेवता अयोध्या प्रांतात नेली. ज्या भूमीत त्यांच्या पूर्वजांचे धर्मांतर झाले तिचा इतिहास येथेही बाहेरच राहिला. स्टीफन्सचा पेच अडीचशे वर्षांनंतर नव्या रूपात परतला.

याच शतकात युरोपात ख्रिस्ती ऐतिहासिक कादंबरी बहरली होती. शेन्केविचची ‘क्वो व्हादिस’ (१८९६) नीरोच्या रोममधील छळ झालेल्या ख्रिस्ती समुदायाची कथा सांगते. तिच्यामागे फाळणी झालेल्या पोलंडची वेदना उभी आहे. छळ सोसणारा पूर्वज आणि पारतंत्र्यात असलेला वाचक यांचा मेळ तेथे सहज बसतो. मराठी ख्रिस्ती लेखकाला हे प्रतिरूप उसने घेता येण्यासारखे नव्हते. येथे सत्ता आणि धर्म यांचे नाते निराळे होते. गोव्यात धर्मांतराला राजसत्तेचे बळ होते. ब्रिटिश मुंबईत सत्तेचा धर्म आणि मिशनचा धर्म एक असला तरी नवख्रिस्ती माणूस घरादारातून, जातीतून आणि वारशातून तुटत होता. तो एकाच वेळी सत्तेच्या जवळचा आणि समाजापासून तुटलेला होता. शुद्ध हुतात्म्याची किंवा शुद्ध विजेत्याची भूमिका त्याला घेता येत नव्हती.

पण ऐतिहासिक कादंबरीला खरोखर असाच माणूस हवा असतो. वॉल्टर स्कॉटच्या कादंबऱ्यांचे विवेचन करताना गेऑर्ग लुकाच याने दाखवून दिले, की तिचा नायक महापुरुष नसतो. दोन छावण्यांच्या मध्ये सापडलेला, दोन्हींशी नाते असलेला मध्यम प्रतीचा माणूस तिच्या केंद्रस्थानी असतो आणि त्याच्या ओढाताणीतूनच युगाचा संघर्ष दृश्य होतो. मराठी ऐतिहासिक कादंबरी उत्तरोत्तर महापुरुषकेंद्री होत गेली. ‘स्वामी’ (१९६२) आणि ‘श्रीमान योगी’ (१९६८) ही तिची लोकप्रिय शिखरे आहेत. त्यामुळे मधला माणूस तिच्या नजरेतून निसटला. ख्रिस्ती लेखकाला या प्रकारात जागा मिळाली नाही ती त्याच्या श्रद्धेमुळे नव्हे. प्रकारानेच स्वतःचे केंद्र बदलले होते.

६

या मधल्या माणसाची उदाहरणे महाराष्ट्राच्या इतिहासात विपुल आहेत. मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या सैन्याने वसई जिंकली. मराठी मनाला हा विजय परिचित आहे. परंतु पोर्तुगीज निघून गेल्यावर मागे राहिलेला, मराठी बोलणारा, शेत पिकवणारा, चर्चमध्ये जाणारा वसईचा ख्रिस्ती शेतकरी त्या दिवशी जिंकला की हरला? १८४३ मध्ये मुंबईत श्रीपत शेषाद्री या मुलाचा खटला गाजला. भाऊ नारायण ख्रिस्ती झालेला, श्रीपत मिशनऱ्यांकडे राहिलेला. न्यायालयाने त्याला वडिलांच्या स्वाधीन केले आणि त्याला जातीत परत घेण्यासाठी बाळशास्त्री जांभेकरांनी पुढाकार घेतला. त्या मुलाच्या मनात काय चालले होते, हे कागदपत्रे सांगत नाहीत. तेच सांगणे कादंबरीचे काम आहे. पुढे नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वसाहत उभी केली. एका वसाहतीच्या उभारणीत जात, जमीन, दुष्काळ आणि श्रद्धा यांचे जे धागे गुंततात, त्यांना चरित्राच्या किंवा अहवालाच्या चौकटीत न्याय मिळणे कठीण आहे.

या विषयांवर लिहिण्याचा अधिकार ख्रिस्ती लेखकालाच आहे, असा याचा अर्थ नव्हे. दंडीचे उदाहरण येथे पुन्हा आठवावे. पण ख्रिस्ती लेखकाला तेथे आतून पाहण्याची एक विशेष संधी आहे. श्रद्धेच्या भाषेचा अंतःस्वर त्याला परिचित असतो आणि धर्मांतर म्हणजे आमिष किंवा सक्ती एवढेच, या एका टोकापासून, तसेच धर्मांतर म्हणजे निव्वळ उद्धार, या दुसऱ्या टोकापासूनही तो दूर राहू शकतो. त्यासाठी त्याला एक किंमत मोजावी लागेल. आपल्याच समुदायाच्या इतिहासातील सक्तीची, जातिभेदाची, मिशनच्या अधिकारशाहीची पाने त्याला उलटावी लागतील. श्रद्धा आणि सत्यशोधन यांच्यात विरोध नाही, हे विधान तत्त्वतः सोपे आहे. कादंबरीत ते पात्रापात्रागणिक सिद्ध करावे लागते.

समीक्षेचीही येथे काही जबाबदारी आहे. ‘ख्रिस्ती मराठी वाङ्मय’ असा स्वतंत्र कप्पा अभ्यासाच्या सोयीसाठी आवश्यक होता आणि त्या निमित्ताने झालेले संशोधन मोलाचे आहे. परंतु कप्प्याची सवय झाली, की त्यातील ग्रंथांचे मूल्यमापन त्यांच्या श्रद्धेवरून होऊ लागते. स्टीफन्सचे कौतुक मराठीच्या प्रेमासाठी, पदमनजींचा उल्लेख ‘पहिलेपणा’साठी आणि लक्ष्मीबाईंचे कौतुक निरागसतेसाठी, एवढ्यावर विवेचन थांबते. या तिघांनी काळाचे आणि कथनाचे जे प्रश्न हाताळले, ते मराठी कादंबरीच्या मुख्य प्रश्नांपैकी आहेत. ‘यमुनापर्यटन’ आणि ‘मोचनगड’ या दोन वाटा परस्परांना छेद न देता समांतर धावतात, अशी जी समजूत आहे, तीच तपासायला हवी. वर्तमानाला इतिहासाच्या नजरेने पाहणारी कादंबरी आणि इतिहासाला वर्तमानाच्या गरजेने पाहणारी कादंबरी यांचा संगम मराठीत जेथे होईल, तेथे दोन छावण्यांच्या मधोमध उभा असलेला तो माणूस पुन्हा दिसू लागेल. त्याच्या हातात पोथी असेल की नवा करार, हा प्रश्न तेव्हा दुय्यम ठरेल. तो ती कशी वाचतो आणि त्या वाचनाने त्याच्या जगण्यात काय उलथापालथ होते, हे सांगणारा लेखक कोणत्याही धर्माचा असला, तरी त्याच्या कादंबरीत पदमनजींचा वाचक आणि गुंजीकरांचा वाचक प्रथमच एकत्र बसतील.